147 किलोमीटर आणि साडेसात किलोमीटर

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातून राजवाड्यापर्यंत पायी जायला अर्धा तास पुरतो. रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास राजवाड्याचे सगळे दिवे एकदम लागतात आणि जमलेल्या गर्दीतून एकच ‘हो’ उठतो. हे दिवे सुमारे 97 हजार आहेत. दसऱ्यात ते रोज लागतात, एरवी रविवारी आणि सणासुदीला, तेही पाऊणएक तास. मुंबईच्या बंदरातल्या घारापुरी बेटावर, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या गावात, वस्ती हजाराच्या आसपास आहे. राजवाड्याचे दिवे तिथे वाटले तर तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला शंभराच्या घरात दिवे येतील. त्याच बेटावर 2018 सालचा फेब्रुवारी उजाडेपर्यंत कायमची वीज नव्हती.

म्हैसूर संस्थानाची वीजही एका बेटापाशीच जन्मली. शिवनसमुद्र हे कावेरीतलं बेट. नदी तिथे दोन फाट्यांत विभागून गगनचुक्की आणि भरचुक्की या धबधब्यांवरून कोसळते. दिवाण शेषाद्री अय्यर यांनी योजना मनावर घेतली, ए. सी. जोली दे लोटबिनियर या अभियंत्यानं ती उभी केली आणि 30 जून 1902 रोजी वीज सुरू झाली. क्षमता चार हजार किलोवॉटांहून थोडी जास्त. ती वीज कुठे गेली? म्हैसूरला नव्हे, बंगळूरलाही नव्हे. उंच तारांवरून तब्बल 147 किलोमीटर धावत ती कोलारच्या सोन्याच्या खाणीत गेली. त्या काळी एवढ्या लांब वीज नेणाऱ्या वाहिन्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. बंगळूरचे रस्ते उजळले 1905 मध्ये, खुद्द राजधानी म्हैसूर 1908 मध्ये. खाणीला वीज हवी होती आणि ती विकत घेण्याचा करार आधीच झाला होता. सोनं काढायचं म्हटल्यावर 147 किलोमीटर हे अंतर कुणाला लांब वाटलं नाही.

घारापुरीला मुख्य भूमीवरून वीज आणायला समुद्राखालून केबल लागली साडेसात किलोमीटर. म्हणजे 1902 च्या त्या तारेचा विसावा भाग. आणि ती पोचायला शिवनसमुद्रानंतर 115 वर्षं उलटून वर सात महिने गेले.

बेट आडवळणाला असतं तर एक वेळ समजलं असतं. गेटवे ऑफ इंडियापासून ते जेमतेम दहा किलोमीटरवर, लाँचनं तासाभराचं. मुंबईत विजेची ट्राम 1907 मध्ये धावली. टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून 1915 पासून मुंबईला जलविद्युत मिळू लागली. खाडीपलीकडच्या तुर्भ्याला 1956 मध्ये टाटांचं औष्णिक केंद्र सुरू झालं, आणि त्याच वर्षी 4 ऑगस्टला, तिथेच, ‘अप्सरा’ ही आशियातली पहिली मानली जाणारी अणुभट्टी. पलीकडे न्हावा-शेवाचं बंदर 1989 पासून रात्रंदिवस झगमगतं आहे. 2023-24 मध्ये या बंदरानं वीस फुटी मापानं मोजलेले 64 लाखांहून अधिक कंटेनर हाताळले, दिवसाला सरासरी साडेसतरा हजार. घारापुरीच्या प्रत्येक माणसामागे रोज सतरा. चारी दिशांना एवढा उजेड आणि मध्ये अंधारातली तीन गावं: राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर.

अगदीच दिवा नव्हता असं नाही. संध्याकाळी सातनंतर जनरेटरवर तीन-साडेतीन तास वीज मिळे. वर्षाचे 8,760 तास धरले तर त्यातले हजार-बाराशे. बाकीच्या वेळी फ्रिज नाही, पंखा नाही, दहावीच्या पोराला रात्री अकरानंतर अभ्यासाला दिवा नाही. ही आगरी-कोळ्यांची वस्ती उरण तालुक्यात येते. पुढचं शिक्षण, मोठा दवाखाना, सरकारी काम, साऱ्याला बोट. रात्री कुणाची छाती दुखली तर आधी भरती-ओहोटी पाहायची. वीज आल्यानंतरही त्यात फरक पडला नाही.

22 फेब्रुवारी 2018 रोजी महावितरणची वीज बेटावर पोचली. तिन्ही गावांत रोहित्रं बसली, उंच मनोऱ्यांवर एलईडी लागले, सुमारे दोनशे घरांना मीटर मिळाले. खर्च 25 कोटी रुपयांच्या आसपास. मीटरमागे साडेबारा लाख. वीजबिलांतून हा पैसा कधीच वसूल होणार नव्हता, हे उघड आहे, आणि इतकी वर्षं फाईल कुठे अडत असावी याचा अंदाज यायला एवढा एक आकडा पुरे. पण रस्ता, शाळा, वीज यांचा हिशेब मीटरमागच्या वसुलीवर करायचाच नसतो असं मला ठामपणे वाटतं. तो तसा केला तर देशातली निम्मी खेडी आजही कंदिलावर राहतील.

याच पाण्यावरून, बेटाला न शिवता, 12 जानेवारी 2024 रोजी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला. लांबी 21.8 किलोमीटर, खर्च सुमारे 17,840 कोटी रुपये. किलोमीटरला आठशे कोटींहून जास्त. पूल हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त गणित मांडून पाहावं: घारापुरीच्या अख्ख्या विजेचा खर्च म्हणजे या पुलाचे तीस मीटर. मोटार ते अंतर दीड सेकंदात ओलांडते.

आणखी एक भागाकार. 15 ऑगस्ट 1947 पासून वीज येईपर्यंत बेटावर 25 हजार 700 हून जास्त रात्री गेल्या. 2018 च्या किमतीनं केलेला तो 25 कोटींचा खर्च या रात्रींवर आणि हजार माणसांवर वाटला, तर एका माणसाच्या एका रात्रीचे दहा रुपयेही होत नाहीत.