आधी ओलांडायची जागा ठरवा

बाणेरहून हिंजवडीला सायकलने कामाला जायचं म्हटलं की माणूस आधी किलोमीटर मोजतो. आठ-दहा किलोमीटर, म्हणजे सहज जमण्यासारखं. पण वाटेत कात्रज-देहूरोड बायपास आडवा येतो, आणि खरा प्रश्न तिथेच आहे. तो कुठे ओलांडायचा हे पक्कं झाल्याशिवाय बाकीचा रस्ता आखण्यात अर्थ नाही.

साधा हिशेब करून बघा. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते. साडेतीन मीटरची एक, अशा तीन लेन सायकल हातात धरून चालत ओलांडायला नऊ-दहा सेकंद लागतात. म्हणजे किमान दोनशे मीटरपर्यंत एकही गाडी नको, आणि हे फक्त एका बाजूचं झालं. तेव्हा डिव्हायडर तोडून केलेली वाट कितीही जवळची वाटली तरी विसरा. दोन किलोमीटरचा वळसा पडला तरी पुलाखालूनच जा.

पुलाखालीही सावध राहायला हवं. बाणेरचा राधा चौक असो वा वाकडचा भूमकर चौक, ऑफिसच्या वेळी तिथे सर्व्हिस रोडने राँग साइडच्या दुचाकी येतात. सकाळी तुम्ही साधारण पश्चिमेला निघालेले असता. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन असतं, त्याला तुम्ही दिसालच असं नाही. म्हणून पुढचा दिवा दिवसाही चालू ठेवा.

सगळ्यात जास्त धास्ती मला वाटते ती डावीकडे वळणाऱ्या ट्रकची आणि बसची. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे डाव्या दाराखालचा बराच भाग त्याच्या नजरेआड राहतो. शिवाय लांब गाडी वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेघेवरून येत नाहीत, ती आत सरकतात, नेमकी जिथे सायकलवाला कडेला उभा असतो तिथे. सिग्नलला ट्रकच्या डावीकडून पुढे घुसायची सवय जिवावर बेतू शकते. त्याच्या मागे थांबा, त्याला वळू द्या.

याच बायपासवरच्या चांदणी चौकातला जुना पूल २०२२ मध्ये पाडला आणि २०२३ मध्ये नवा उड्डाणपूल खुला झाला. मोटारींची सोय झाली. सायकलवाल्याला मात्र अशा प्रत्येक रॅम्पच्या तोंडाशी वेगात डावीकडे सुटणाऱ्या गाड्यांची धार कापावी लागते. तिथे खाली उतरून, मागे बघून चालत जाण्यात कमीपणा नाही. पूल आखतानाच सायकलची वेगळी पट्टी का आखली जात नाही, हे महामार्गवाल्यांना आणि महापालिकेला विचारत राहायला हवं.

रस्त्याची पाहणी रविवारी करू नका. रविवारचा हिंजवडी रस्ता फसवा असतो. सोमवारी सकाळी, ज्या वेळेला निघणार त्याच वेळेला, आधी दुचाकीने किंवा बसने जाऊन बघा. पावसाळ्यासाठी ओलांडायची दुसरी जागाही हेरून ठेवा. अंडरपासमध्ये पाणी साचलं की खालचा खड्डा आणि गटाराची जाळी दिसत नाही.