हंगामाची वही

वाचकहो, हंगाम हा शब्द आपल्या कोरेगाव भागात कुणाला समजावून सांगायला नको. घेवड्याचा हंगाम, ज्वारीचा हंगाम, उसाच्या गाळपाचा हंगाम. चांगला शेतकरी वहीत लिहून ठेवतो : अमक्या साली पेरा कधी झाला, पाऊस किती पडला, पोती किती निघाली. दहा वर्षांची अशी वही असली की रान कसे आहे ते कुणाला विचारावे लागत नाही. पण खेळालाही हंगाम असतो आणि त्याचीही अशीच वही मांडता येते, हे आपल्याकडे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही.

याचे कारण उघड आहे. आपला मूळचा खेळ कुस्ती. जत्रेत फड भरतो, जोड लागते, एकाची पाठ जमिनीला लागते आणि निकाल होतो. गावोगावच्या कबड्डी स्पर्धाही बहुधा बाद पद्धतीच्या : हरला तो घरी. यात हंगाम असा नाहीच, एक दिवस असतो. त्या दिवशी मुख्य गड्याचा पाय मुरगळला तर वर्षाची मेहनत पाण्यात.

दुसरी पद्धत साखळीची. हिच्यात प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी खेळतो, बहुतेक ठिकाणी दोनदा, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्याच्या. दहा संघ असले तर प्रत्येकाच्या वाट्याला अठरा सामने येतात. जिंकला तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक, हरला तर शून्य. शेवटी ज्याचे गुण जास्त तो विजेता. २०१४ पासून दूरचित्रवाणीवर जी व्यावसायिक कबड्डी दिसते तिची सुरुवातही साखळीनेच होते, तेव्हा कल्पना अगदी परकी नाही. फुटबॉलचा मात्र हा प्राण आहे. साखळी सहा-सहा महिने चालते आणि वर्षाची शीव ओलांडून जाते. म्हणून हंगाम लिहायचा तो ‘२००४-०५’ असा. शिक्षकांना हे नवीन नाही, शाळेचे वर्षही आपण असेच लिहितो.

आता अशी एक वही उघडून पाहू. फुटबॉल म्हटले की आपल्याला जवळचे कोल्हापूर. तिथे तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की अर्धे शहर एकीकडे आणि अर्धे दुसरीकडे होते. पण मी थोडा पुढे, घाट उतरून गोव्यात जातो. कारण धेंपो स्पोर्ट्स क्लब या संघाच्या वहीत चढ, उतार, दुःख, भांडण आणि कोऱ्या ओळीही आहेत.

आपल्या देशात राष्ट्रीय पातळीवरची फुटबॉल साखळी १९९६-९७ साली सुरू झाली. तिला नॅशनल फुटबॉल लीग म्हणत. २००७-०८ पासून तिची जागा आय-लीगने घेतली. गोव्याला पहिले विजेतेपद मिळाले ते १९९८-९९ मध्ये, साळगावकर संघाकडून. धेंपो २००३-०४ मध्ये दुसरा आला. नंतरची ओळ अशी : २००४-०५, विजेता.

वहीत एवढेच दिसते. ओळ आनंदाची आहे. पण त्याच हंगामात, ५ डिसेंबर २००४ रोजी, बंगळूरला फेडरेशन कप या दुसऱ्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला. समोर कलकत्त्याचा मोहन बागान. धेंपोकडे क्रिस्तियानो ज्युनियर नावाचा ब्राझीलचा खेळाडू होता, वय पंचवीस. धेंपोने सामना दोन-शून्य जिंकला, दोन्ही गोल त्याचेच. दुसरा गोल करताना त्याची आणि गोलरक्षकाची धडक झाली, तो खाली कोसळला आणि पुन्हा उठला नाही. रुग्णालयात पोहोचेपर्यंत सगळे संपले होते. धेंपोने त्यानंतर त्याचा दहा नंबर कायमचा बाजूला ठेवला, दुसऱ्या कुणाला दिला नाही. चषक जिंकलेला, साखळीही जिंकलेली, आणि ज्याने गोल केले तो माणूस नाही. तक्त्यात याला रकाना नसतो. सामने, विजय, बरोबरी, पराभव, केलेले गोल, झालेले गोल, गुण, क्रमांक एवढे आठ रकाने असतात. म्हणून माझे शिक्षकांना सांगणे आहे की अशी वही मांडाल तेव्हा नववा रकाना ‘शेरा’ म्हणून ठेवा आणि तो रुंद ठेवा. आणि सामना गावच्या माळावरचा असला, तरी धडक झाली की कुणाला बोलवायचे, गाडी कोणाची न्यायची, हे शिट्टी वाजण्यापूर्वी ठरलेले असू द्या.

पुढे चला. २००६-०७, विजेता. २००७-०८, विजेता. ही दुसरी ओळ मोठी गंमतीची आहे. त्या वर्षी दहा संघ होते, म्हणजे अठरा सामने. ते सगळे झाल्यावर धेंपो आणि गोव्याचाच चर्चिल ब्रदर्स यांचे गुण सारखे भरले. मग विजेता कोण? इथे गोलफरक पाहतात. केलेल्या गोलांतून झालेले गोल वजा करायचे, बाकी ज्याची जास्त तो वर. धेंपोची बाकी जास्त निघाली. तुम्ही म्हणाल, हा तर किराणा दुकानातला हिशेब झाला. तसाच आहे, पण यामुळेच सामना जिंकल्यावरही खेळाडू शेवटच्या मिनिटापर्यंत धावतो. चार-शून्यने पुढे असताना पाचवा गोल कशाला, असे विचारणाऱ्याला ही ओळ दाखवावी.

अर्थात गोलांच्या राशीला मर्यादा आहे. मे २०११ मध्ये धेंपोने मुंबईच्या एअर इंडिया संघाला चौदा-शून्यने हरवले. त्यातले सहा गोल नायजेरियाच्या रँटी मार्टिन्सचे. तरीही २०१०-११ चा विजेता धेंपो नव्हे, साळगावकर. चौदा गोल करा नाहीतर एक करा, विजयाचे गुण तीनच. चौदा-शून्याची आठवण लोक वर्षानुवर्षे सांगतात. पण चार महिन्यांपूर्वी कुठे तरी हातची गेलेली बरोबरी कुणाला आठवत नाही, आणि विजेतेपद बहुधा तिथेच निसटलेले असते. लोकांची आठवण आणि वही यांत हा फरक आहे. आपल्याकडे जुने कबड्डीपटू पारावर बसून सांगतात की आमचा संघ कधी हरलाच नाही. त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही, फक्त वही असती तर बरे झाले असते.

याच साळगावकर संघाची वही शेजारी ठेवली तर आणखी एक नियम कळतो. २००७-०८ मध्ये धेंपो विजेता झाला तेव्हा साळगावकर तळाला राहून खालच्या श्रेणीत गेला. शाळेत नापास मुलगा त्याच वर्गात बसतो. साखळीत तो एक इयत्ता खाली जातो, आणि वर यायचे तर तिथे पहिल्या-दुसऱ्यांत यावे लागते. साळगावकर वर आला आणि २०१०-११ मध्ये देशात पहिला आला. तीन वर्षांत तळापासून शिखरापर्यंत! एकेका स्पर्धेची ढाल पाहून ही चाल कधीच दिसली नसती.

धेंपोने २००९-१० आणि २०११-१२ ही विजेतेपदेही मिळवली. एकूण पाच, आणि त्या वेळी राष्ट्रीय साखळीत इतकी देशात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. पाचही वेळा प्रशिक्षक एकच : गोव्याचे आर्मांदो कुलासो. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही गोव्याची मुले या संघातून खेळली आणि देशाकडूनही खेळली. २०११-१२ मध्ये रँटीने एका हंगामात बत्तीस गोल केले. २००८ साली संघ आशियाई फुटबॉलच्या एएफसी कप स्पर्धेत उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला आणि लेबनॉनच्या संघाकडून हरला. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात हंगाम राष्ट्रीय साखळीचे विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. धेंपो चार वेळा, चर्चिल दोनदा, साळगावकर एकदा. दोन तालुक्यांएवढी ज्याची वस्ती, अशा प्रदेशाची ही कमाई नव्हे काय? दोन तालुके हे मी बोलण्याच्या भरात म्हटले, गोवा त्याहून मोठा आहे, पण आपल्या एकट्या सातारा जिल्ह्याची लोकसंख्या गोव्याच्या जवळजवळ दुप्पट आहे, हे खरेच.

मग घसरण आली. २०१४-१५ च्या हंगामाअखेर धेंपो खालच्या श्रेणीत गेला. तीन वर्षांपूर्वीचा विजेता! पण संघाने हाय खाल्ली नाही. २०१५-१६ मध्ये खालच्या श्रेणीत पहिला येऊन त्याने वरची जागा परत मिळवली.

आणि इथून पुढे वही कोरी आहे.

परक्या वाचकाला वाटेल, संघ बुडाला. तसे नव्हते. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग ही नवी स्पर्धा सुरू झाली होती, नव्याने उभारलेल्या संघांची. २०१६ मध्ये देशाच्या फुटबॉल महासंघाने असा आराखडा पुढे आणला की ती स्पर्धा देशात पहिल्या पायरीची व्हावी आणि आय-लीग दुसऱ्या पायरीवर जावी. जुन्या संघांनी खाली कितीही चांगला खेळ केला तरी वर जाण्याची वाट त्यात नव्हती. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा हे तिन्ही संघ त्या वर्षी आय-लीगमधून बाहेर पडले. मैदानावर मिळवलेली जागा कागदावर अर्थहीन होत असेल तर खेळायचे कशाला, असा हा सवाल होता. मला तो रास्त वाटतो. नव्या स्पर्धेने पैसा आणि प्रेक्षक आणले हे मान्य केले तरी.

या काळात धेंपो गोव्याच्या स्थानिक साखळीत खेळत राहिला. राष्ट्रीय वहीत मात्र त्या ओळी नाहीत. कोरी ओळ आणि शून्याची ओळ यांत फरक आहे, आणि तो मुलांना मुद्दाम दाखवावा. शून्य म्हणजे खेळलो आणि हरलो. कोरी म्हणजे खेळलोच नाही, आणि का खेळलो नाही हे शेऱ्याच्या रकान्यात शोधायचे.

२०२३-२४ मध्ये धेंपो आय-लीगच्या खालच्या श्रेणीत दुसरा आला आणि २०२४-२५ मध्ये, दहा वर्षांनी, आय-लीगमध्ये परतला. आय-लीग एव्हाना देशात दुसऱ्या पायरीवर होती. त्या हंगामाचा विजेता म्हणून एप्रिल २०२५ मध्ये आधी चर्चिल ब्रदर्सचे नाव जाहीर झाले. खेळाडूंच्या पात्रतेवरून वाद झाला, प्रकरण स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादापर्यंत गेले आणि जुलैमध्ये लवादाने विजेतेपद इंटर काशी या संघाला दिले. तेव्हा शाळेत वही सुरू कराल तर चालू हंगामाची ओळ शिसपेन्सिलीनेच भरा. शाई पुढच्या वर्षी, तक्रारींची मुदत संपल्यावर.