हाडांच्या औषधानंतरचा ताप

अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला आमच्या खाला राहतात. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना हाडांसाठी सलाईनमधून झोलेड्रॉनिक ॲसिड दिलं. त्याच रात्री अंग तापलं, सांधे ठणकू लागले. औषध उलटलं म्हणून घरात घबराट! पुढचा डोस घ्यायचाच नाही, असं खालांनी ठरवूनही टाकलं. ताप येऊ शकतो, एवढं कुणी आधी सांगितलं असतं तर आम्हा सगळ्यांना झोप तरी लागली असती.

हा ताप येतो कसा? हे औषध हाड झिजवणाऱ्या पेशींमधलं एक एन्झाइम बंद पाडतं. रक्तातल्या काही पेशीही ते थोडं घेतात. एन्झाइम थांबलं की आयपीपी नावाचं रसायन पेशीत साचतं. आपल्या रक्तात गॅमा-डेल्टा टी नावाच्या थोड्याशा पहारेकरी पेशी असतात. त्यांना हा साठा धोक्याची खूण वाटते. त्या जाग्या होतात आणि त्यांनी सोडलेल्या रसायनांनी ताप चढतो. बहुधा दोन-तीन दिवसांत तो उतरतो, आणि पुढच्या डोसला सहसा कमी असतो.

मग याच पहारेकऱ्यांना कॅन्सरवर सोडता येईल का? आपल्या जवळच, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. तिथल्या डॉ. शुभदा चिपळूणकर यांच्या प्रयोगशाळेने 2010 साली दाखवलं, की स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर आधी या जातीचं औषध टाकलं तर गॅमा-डेल्टा पेशी त्यांना मारतात. पण हे प्रयोगशाळेतलं. माणसाच्या शरीरात वारंवार डोस दिले की या पेशी थकतात, कमी होतात, असंही आढळलंय. 2015 साली 18 हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये कॅन्सर हाडांत परतण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण घटलेलं दिसलं. पाळी चालू असलेल्यांना तसा फायदा दिसला नाही. त्यात पहारेकऱ्यांचा वाटा किती, हे अजून सिद्ध व्हायचंय. तेव्हा ताप आला म्हणजे कॅन्सर मरतोय, असं कुणी समजू नये.

आणि केमो चालू असताना ताप आला, तर तो या औषधाचाच म्हणून घरी बसू नका. लगेच डॉक्टरांना कळवा. डोसआधी किडनीची तपासणी आणि दात दाखवणंही गरजेचं, कारण या औषधावर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड बरं होत नाही.

खालांची एक दाढ किडलेली निघाली. ती काढून जखम भरल्यावरच, डॉक्टरांच्या सल्ल्याने, दुसरा डोस झाला. रात्री आम्ही थर्मामीटर घेऊन बसलो होतो. खाला मात्र इशाची नमाज पढून शांत झोपल्या.