नव्या लॅपटॉपवर जुनी विंडोज : जुनं ते सोनं, पण कधी?

कॉलेजच्या ॲडमिशन आटोपल्या की हॉस्टेलवर नव्या लॅपटॉपची खोकी दिसू लागतात. त्यापाठोपाठ आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एक ठरलेला प्रश्न येतो, "सर, यातली विंडोज ११ काढून १० टाकून मिळेल का?" कोणाला नवा स्टार्ट मेनू आवडत नाही. कोणाचं एखादं सॉफ्टवेअर चालत नाही. कोणाला सीनिअरने सांगितलेलं असतं की जुनी विंडोज हलकी असते, तिच्यावर गेम पळतात.

प्रश्न विचारण्यात काही गैर नाही. पण त्याचं उत्तर नुसतं 'हो' किंवा 'नाही' असं देता येत नाही. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून घेतलेली वस्तू असते आणि त्यात आपल्या असाइनमेंट, प्रोजेक्ट, घरचे फोटो असं सगळं असतं. घाईघाईत केलेल्या उद्योगात ते एका रात्रीत जाऊ शकतं. म्हणून आज हा विषय जरा नीट समजून घेऊया.

दुखणं जुनंच आहे

नवं मशीन आणि जुनी सिस्टीम ही ओढ आजची नाही. विंडोज एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरमध्ये आली आणि पाच वर्षांत लोकांच्या हातात चांगली बसली. मग ३० जानेवारी २००७ ला व्हिस्टा बाजारात आली. तेव्हा ५१२ एमबी रॅमच्या मशीनवरही व्हिस्टा चालेल असं सांगितलं जाई. चालायची, पण चहा पिऊन परत आलं तरी डेस्कटॉप पूर्ण उघडलेला नसायचा!

इंजिनीअरिंगच्या पोरांना आणखी एक अडचण होती, टर्बो सी++ ची. आपल्याकडे कित्येक वर्षं 'सी' शिकायचं म्हणजे ती निळी खिडकी उघडायची हे समीकरण होतं. व्हिस्टावर ती फुल स्क्रीन करायला गेलं की 'ही सिस्टीम फुल स्क्रीन मोडला सपोर्ट करत नाही' असा निरोप यायचा. झालं! प्रत्येकाला एक्सपी हवी. लोकांचा ओढा एवढा होता की एक्सपीची विक्री ३१ जानेवारी २००८ ला बंद करायचं ठरलेलं असताना मायक्रोसॉफ्टला ती मुदत ३० जून २००८ पर्यंत वाढवावी लागली.

पुढे २०१२ मध्ये विंडोज ८ ने स्टार्ट बटणच काढून टाकलं, तेव्हा सगळे ७ मागू लागले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ११ आली, तेव्हापासून १० ची मागणी सुरू झाली. नावं बदलली, दुखणं तेच.

जुनी विंडोज नवं मशीन ओळखते का?

सगळ्यात मोठी अडचण इथेच येते. ऑपरेटिंग सिस्टीम थेट हार्डवेअरशी बोलत नाही. मध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाषा लागतो. विंडोज तयार होते त्या वेळेपर्यंतच्या हार्डवेअरचे दुभाषे तिच्यासोबत दिलेले असतात. म्हणून नवी विंडोज जुन्या मशीनला बऱ्यापैकी ओळखते, पण जुन्या विंडोजला नवं मशीन दाखवणं म्हणजे दहा वर्षांपूर्वी रिटायर झालेल्या पोस्टमनला नव्या कॉलनीतला पत्ता विचारण्यासारखं आहे.

प्रत्येक पिढीत ही अडचण वेगळ्या रूपात आली. व्हिस्टाच्या काळातल्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क 'एएचसीआय' या पद्धतीने जोडलेली असायची आणि एक्सपीच्या सीडीत तिचा ड्रायव्हरच नव्हता. सेटअप म्हणायचा, हार्ड डिस्क सापडत नाही. नाहीतर निळा पडदा येऊन मशीन थांबायचं. उपाय काय, तर एफ-६ दाबून फ्लॉपीतून ड्रायव्हर द्या. आता लॅपटॉपला फ्लॉपी ड्राइव्ह आणायचा कुठून? मग बायोसमध्ये जाऊन डिस्कची पद्धत बदलायची, किंवा ड्रायव्हर आत घालून नवी सीडीच बनवायची.

२०१५ नंतरच्या मशीनवर विंडोज ७ टाकताना यूएसबीने रडवलं. त्या मशीनमध्ये यूएसबी ३ चा नवा कंट्रोलर होता आणि ७ च्या सेटअपला तो ठाऊक नव्हता. म्हणजे पेन ड्राइव्हवरून सेटअप सुरू होई आणि अर्ध्या वाटेत त्याच पेन ड्राइव्हची ओळख विसरे.

आजचं उदाहरण घ्या. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये 'व्हीएमडी' नावाची सोय चालू असते. तिथे विंडोज १० चा सेटअप सुरू केला की ड्राइव्हची यादी कोरी दिसते. एसएसडी बिघडलेली नसते. इंटेलचा 'रॅपिड स्टोरेज' ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन 'लोड ड्रायव्हर' केलं की ती दिसू लागते.

आता वेगाबद्दल. 'जुनी म्हणजे फास्ट' हा हिशोब नव्या प्रोसेसरला लागू पडेलच असं नाही. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून एकाच प्रोसेसरमध्ये दमदार आणि वीज वाचवणारे असे दोन प्रकारचे कोअर येऊ लागले. कुठलं काम कोणत्या कोअरला द्यायचं यासाठी प्रोसेसर जो सल्ला देतो, त्याचा पुरेपूर उपयोग विंडोज ११ करते. १० त्या मशीनवर चालते, पण तो सल्ला तिला तितकासा कळत नाही.

हक्काचा प्रश्न

लॅपटॉपसोबत विंडोज येते म्हणजे सगळ्या विंडोज आपल्या झाल्या असं होत नाही. जुनी आवृत्ती वापरण्याच्या परवानगीला 'डाउनग्रेड राइट्स' म्हणतात. व्हिस्टाच्या वेळी हा हक्क बिझनेस आणि अल्टिमेट घेणाऱ्यांना होता, होम बेसिक आणि होम प्रीमियमवाल्यांना नव्हता. आजही विंडोज ११ प्रो सोबत आलेली असेल तर १० प्रो वापरायची मुभा परवान्यात लिहिलेली आहे. होमला तशी मुभा दिलेली नाही, आणि विद्यार्थ्यांच्या बहुतेक लॅपटॉपवर होमच असते. तेव्हा आपली कुठली आहे ते आधी बघून घ्या.

इथे काही जण गालात हसतील, "सर, ॲक्टिव्हेटर आहे ना!" त्या ॲक्टिव्हेटरला चालवण्याआधी तोच अँटिव्हायरस बंद करायला सांगतो, एवढ्यावरून काय ते समजा. ज्या मशीनवरून यूपीआय, बँक आणि परीक्षेचे फॉर्म चालतात, त्याच्या किल्ल्या अनोळखी माणसाच्या हातात द्यायच्या का, हा विचार ज्याचा त्याने करावा.

कौलं कोण परतणार?

कोकणातल्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. कौलारू घर कितीही भक्कम असलं तरी पावसाळ्याआधी माणूस चढवून कौलं परतावी लागतात, फुटलेली बदलावी लागतात. एक-दोन वर्षं ते राहिलं की कुठे ना कुठे गळायला लागतं. ऑपरेटिंग सिस्टीमचे सिक्युरिटी अपडेट म्हणजे ही दरवर्षीची डागडुजी. भोकं नंतर सापडत राहतात आणि कंपनी ती बुजवत राहते. कंपनीने हे काम थांबवलं की नव्या सापडलेल्या भोकाला वाली उरत नाही.

त्या तारखा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक्सपीची दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली, व्हिस्टाची ११ एप्रिल २०१७ ला, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. घरगुती वापरासाठी विंडोज १० ला सिक्युरिटी अपडेटची वाढीव मुदत जाहीर झाली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, आणि तिच्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. डिग्री चार वर्षांची आहे हे इथे विसरू नका.

गळती लागली की काय होतं ते २०१७ साली जगाने पाहिलं. त्या वर्षी मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारा अपडेट दिला. ज्यांनी तो टाकला नव्हता अशा मशीनमध्ये १२ मेपासून 'वॉनाक्राय' शिरला, फायली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागू लागला. एक्सपीची मुदत संपून तीन वर्षं झाली होती, तरी तिच्यासाठी खास अपडेट काढायची वेळ आली. जून महिन्यात त्याच भोकाचा फायदा घेणारा 'नॉटपेट्या' आला. त्याचा फटका आपल्या महाराष्ट्रातही बसला. न्हावाशेवा बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलचं काम त्यामुळे विस्कळीत झालं. पुढे जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की एटीएममधल्या एक्सपी आणि मुदत संपलेल्या इतर सिस्टीम जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बदला. म्हणजे मुदत संपल्यावर चार-पाच वर्षं एटीएमसुद्धा एक्सपीवर होती!

हॉस्टेलवर तर आपण सगळे एकाच वायफायवर असतो, पेन ड्राइव्ह या खोलीतून त्या खोलीत फिरतात. एकाच्या छपरातलं पाणी शेजाऱ्याच्या खोलीत यायला वेळ लागत नाही.

खरी गरज कशाची आहे?

माझा अनुभव असा, की जुनी विंडोज मागणाऱ्याला नीट विचारलं तर त्याला बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी हवं असतं.

स्टार्ट मेनू मधोमध आला म्हणून वैताग आहे? सेटिंगमध्ये टास्कबारच्या पर्यायांतून तो डावीकडे नेता येतो. राइट क्लिकचा जुना मेनू शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की मिळतो. मशीन स्लो आहे? आधी स्टार्टअपला आपोआप चालू होणारी सॉफ्टवेअर बंद करा, कंपनीने भरून दिलेले ट्रायल प्रोग्रॅम काढा. आठ जीबी रॅम असेल आणि स्लॉट मोकळा असेल तर रॅम वाढवल्याने जेवढा फरक पडतो, तेवढा विंडोज बदलून पडणार नाही.

टर्बो सी++ हवं आहे? ते डॉसच्या जमान्यातलं १६ बिटचं सॉफ्टवेअर. ६४ बिटच्या कुठल्याही विंडोजवर ते थेट चालत नाही, मग ती ११ असो, १० असो की ७. म्हणजे एवढ्यासाठी १० टाकणाऱ्याचा सगळा खटाटोप फुकट. त्यासाठी 'डॉसबॉक्स' आहे. छोटं, मोफत सॉफ्टवेअर आहे आणि त्यात ती निळी खिडकी अगदी फुल स्क्रीन दिसते. त्याहून बरं म्हणजे 'जीसीसी' सारखा आजचा कंपायलर वापरायची सवय लावून घ्या, इंटरव्ह्यूला उपयोगी पडेल.

आणि खरोखरच एखादं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजशिवाय हलत नसेल तर 'व्हर्च्युअल मशीन' करा. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये एक खोटा कॉम्प्युटर तयार होतो. त्यात जुनी विंडोज टाका, तिचं नेटवर्क बंद ठेवा आणि तेवढं एक काम करून घ्या. परवाना मात्र तिलाही लागतो. लॅबमधल्या काही जुन्या यंत्रांना जोडलेले एक्सपीचे कॉम्प्युटर आम्हीही असेच सांभाळतो. नेट नाही, बाहेरचा पेन ड्राइव्ह नाही, फक्त त्या यंत्राचं काम.

तरीही टाकायचीच असेल तर

एवढं सगळं वाचूनही कारण पक्कं असेल तर पुढच्या गोष्टी याच क्रमाने करा.

१. सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. त्याच लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर केलेली कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे.

२. सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का पाहा. नव्या लॅपटॉपमध्ये ते बऱ्याचदा आपोआप चालू झालेलं असतं. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद केलं की मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. आधीच कागदावर उतरवून घ्या. ती नसेल तर आतला डेटा तुम्हालाच काय, कोणालाच काढता येणार नाही.

३. मूळ विंडोजचा रिकव्हरी ड्राइव्ह बनवून ठेवा. सगळी पार्टिशन उडवली की कंपनीने दिलेली रिकव्हरीही उडते. 'गो बॅक' बटणाच्या भरवशावर राहू नका. ते जुन्या विंडोजवरून अपग्रेड केलेल्या मशीनसाठी असतं, तेही पहिले १० दिवस. मुळातच ११ घेऊन आलेल्या लॅपटॉपला मागे जायला काही नसतं.

४. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर आपलं मॉडेल शोधा आणि हव्या त्या विंडोजचे ड्रायव्हर दिलेत का बघा. नसतील तर विचार तिथेच सोडा. असतील तर स्टोरेज आणि वायफायचे ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घ्या. वायफायच चालू झालं नाही तर बाकीचे उतरवणार कसे?

५. सेटअपची फाइल मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या. मित्राच्या मित्राने दिलेली 'लाइट' आवृत्ती नको.

६. बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि चार्जर लावून ठेवा. रत्नागिरीच्या पावसात लाइटचा भरवसा नाही हे तुम्हाला माहीतच आहे. त्यातून बायोस अपडेट करताना मशीन बंद पडलं तर मदरबोर्डवरच बेतू शकतं.

आणि शेवटचं, पण महत्त्वाचं : हे काम सुट्टीत काढा. सबमिशनच्या आठवड्यात काढू नका. "सर, विंडोज टाकत होतो" हे कारण कुठल्याच जर्नलवर चालत नाही.