कर्करोग समजून घेताना – लेखांक 7 : शेकाचे दिवस

पीएसए ही रक्तचाचणी आपण मागच्या आठवड्यात पाहिली. प्रोस्टेटचा कर्करोग निघाला, तर पुढचा प्रश्न ठरलेला : ऑपरेशन करायचं की शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचा?

रोग ग्रंथीच्या आतच असेल, तर आयुष्याच्या हिशेबात दोन्ही सारखेच. ब्रिटनमध्ये 1,643 पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं : ऑपरेशन, शेक आणि नुसती देखरेख. 15 वर्षांनंतरचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. तिन्ही गटांत या रोगाने दगावलेले शंभरात तीनच्या आसपास! फरक पडतो तो त्रासात. ऑपरेशननंतर लघवी गळणं जास्त, शेकानंतर शौचाच्या तक्रारी जास्त. लैंगिक क्षमतेवर दोन्हींचा परिणाम होतो. संकोच न करता हे डॉक्टरांना आधीच विचारा, पत्नीला सोबत घेऊन विचारा.

आपल्याकडे मात्र ही निवड करायची वेळ अनेकांवर येतच नाही, याचं फार वाईट वाटतं. रात्री चारदा उठावं लागतं, तर ‘वयच झालंय’ म्हणून दुखणं अंगावर काढतात आणि कंबर धरली की दवाखाना गाठतात. तोवर रोग हाडांत उतरलेला असतो. मग पुरुषी संप्रेरक थांबवण्यासाठी वृषणं काढण्याचं छोटं ऑपरेशन किंवा तेच काम करणारी इंजेक्शनं. इंजेक्शनं ठरावीक दिवसांनी घेत राहावी लागतात, ऑपरेशन एकदाच. म्हणून खर्च न झेपणारी घरं ऑपरेशनकडे वळतात.

वेळेत आलेल्यांसाठी मोठा बदल झालाय तो शेकात. पूर्वी 37 बैठका, म्हणजे साडेसात आठवडे. 20 बैठकाही तितक्याच गुणकारी ठरतात, हे 2016 मध्ये सिद्ध झालं. निवडक, कमी धोक्याच्या रुग्णांना तर आता पाचही पुरतात. धोका जास्त असलेल्यांवर मुंबईच्या टाटा रुग्णालयात 224 जणांचा अभ्यास झाला. 25 बैठकांत ओटीपोटातल्या लसीकाग्रंथींनाही शेक दिला, तेव्हा पाच वर्षांनी 95 टक्के रुग्णांत रोगाने डोकं वर काढलेलं नव्हतं. फक्त प्रोस्टेटला शेक दिलेल्यांत हे प्रमाण 81 टक्के होतं.

37 आणि 20 यांतला फरक सुरगाण्याच्या माणसाला विचारा. बोरगाव, वणी, दिंडोरी करत एसटीने नाशिक गाठायचं, यंत्राखाली पंधराएक मिनिटं पडायचं आणि परत फिरायचं. सोबत येणाऱ्या मुलाचीही रोजी बुडते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसला, तरी हे दिवस कोण भरून देणार? म्हणून ‘माझ्या किती बैठका, आणि त्या कमी होतील का?’ हे पहिल्याच भेटीत विचारायला हवं.

एसटीने येणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. शेकाच्या वेळी मूत्राशय रोज सारखंच भरलेलं लागतं, म्हणजे आतडी वर सरकतात आणि शेकातून वाचतात. तेव्हा नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरल्या उतरल्या घटाघटा पाणी पिऊ नका. रुग्णालयात आधी लघवीला जाऊन या, मग तंत्रज्ञ सांगतील तेवढं पाणी प्या आणि नंबर येईपर्यंत बसून राहा.