आडवा पसरलेला मनोरा: सुरत डायमंड बोर्स

उंच इमारत म्हटलं की आपली मान आपोआप वर जाते. सुरतच्या खजोदमधला डायमंड बोर्स मात्र आडवा बघावा लागतो. मजले फक्त 15, पण असे नऊ टॉवर एकाच लांब मार्गिकेला जोडलेले. एकूण बांधकाम 65 लाख चौरस फुटांहून जास्त. ऑफिस-इमारतींमध्ये त्याने 1943 च्या पेंटॅगॉनलाही मागे टाकलं. उद्घाटन झालं 17 डिसेंबर 2023 ला.

आराखडा दिल्लीच्या मॉर्फोजेनेसिसचा. मधल्या मार्गिकेचा आकार नरसाळ्यासारखा, त्यामुळे वारा आत ओढला जातो. फरशीखालून गार पाणी फिरतं, म्हणजे एसीवरचा भार कमी. ऑफिसं तर चक्क सोडत काढून वाटली. छोटा-मोठा व्यापारी एकाच रांगेत, ही कल्पना मला सगळ्यात आवडली.

पण बाजार भिंतींनी नाही, माणसांनी भरतो. मुंबईचं बीकेसी सोडून यायला बरेच व्यापारी कचरले. आणि हिऱ्याला पैलू पाडणारे कारागीर? ते अजून वराछा-कतारगामच्या कारखान्यांतच मान वाकवून बसलेत. ती सोडत त्यांच्यासाठी नव्हतीच.