मुंबई महाग असते ती रात्री

जळगाव-धुळ्याकडच्या घरांत मुंबईला जायचं ठरलं की पहिला प्रश्न तिकिटाचा नसतो. "उतरायचं कुणाकडे?" हा असतो. आणि तोच खरा प्रश्न आहे. मुंबईत फिरणं, बघणं, वेळेला दोन घास खाणं आजही साध्या खिशाला झेपतं. झेपत नाही ते डोक्यावरचं छप्पर. म्हणून बेत आखताना काय काय बघायचं याची यादी नंतर करावी, आधी रात्री मोजाव्यात. एक रात्र वाचली की चौघांचा दोन दिवसांचा फिरण्याचा खर्च निघतो.

जळगावकरांसाठी रात्र वाचवण्याची पहिली जागा म्हणजे रेल्वेचा स्लीपर डबा. मुंबई सुमारे सव्वाचारशे किलोमीटर, म्हणजे सहा-सात तासांचा प्रवास. अमरावती-मुंबई एक्सप्रेससारख्या रात्रीच्या गाडीत झोपलं की सकाळी दादर. परतताना मात्र गंमत होते. मुंबईहून संध्याकाळी सुटणारी गाडी जळगावला भर मध्यरात्री आणून सोडते आणि वाचवलेले पैसे रिक्षात जातात. त्यापेक्षा रात्री उशिरा सुटणारी गाडी पाहावी, ती उजाडता पोचवते. तारखेचीही काळजी घ्यावी. जाताना शुक्रवारी रात्री बाराच्या पुढे जळगावहून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट शनिवारच्या तारखेचं असतं. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीचा बेत दोन महिने आधीच पक्का हवा. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, तिच्या भरवशावर राहू नये.

धुळेकरांचं गणित वेगळं. रेल्वे चाळीसगावचा वळसा घेते, रस्ता नाशिकवरून सरळ जातो. शिवाय एसटीत 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि 75 वर्षांपुढे मोफत. आजी-आजोबा, सून, लेक असा गोतावळा निघाला तर एसटीइतकं स्वस्त दुसरं काही नाही. फक्त सगळ्यांची आधार कार्डं हाताशी असू द्यावीत.

आता मुक्कामाची रात्र. कल्याण, डोंबिवली, बदलापूर या पट्ट्यात खानदेशातली पुष्कळ माणसं स्थायिक झाली आहेत. तिथे हक्काचं घर असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर फोर्ट-कुलाब्याचा हट्ट सोडून लोकलच्या स्टेशनाजवळ लॉज शोधावा. भाडं विचारतानाच चेक-आउट चोवीस तासांचं आहे की दुपारी बाराचं, हेही विचारावं. सकाळी सातला पोचणाऱ्याला बाराच्या नियमात कधी कधी दोन दिवसांचं भाडं पडतं. आरक्षित तिकीट असेल तर रेल्वेच्या विश्रामगृहाची खोली ऑनलाइन मिळू शकते. खोली घ्यायचीच नसेल, तर स्टेशनातल्या वेटिंग रूममध्ये आवरून सामान क्लोकरूमला टाकावं आणि मोकळ्या हाताने शहरात शिरावं. बॅगेला कुलूप नसेल तर क्लोकरूमवाला ती घेत नाही, एवढं लक्षात ठेवावं.

दिवसा मात्र हेच शहर उदार होतं. लोकलचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट दहा किलोमीटरपर्यंत पाच रुपये. म्हणजे दादर ते सीएसएमटी चौघांचे वीस रुपये. बेस्टचं किमान भाडं मे 2025 पासून साध्या बसला दहा आणि वातानुकूलित बसला बारा रुपये आहे. दिवसभर चढउतार असेल तर लोकलचं एक, तीन किंवा पाच दिवसांचं पर्यटक तिकीट मिळतं. ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत पोचलेली भुयारी मेट्रो गार आणि झटपट आहे, पण तिचं भाडं दहापासून सत्तर रुपयांपर्यंत जातं. हौस म्हणून एकदा बसावं, बाकी लोकल आहेच. सकाळी सीएसएमटीकडे आणि संध्याकाळी कल्याणकडे जाणाऱ्या गर्दीत बॅगा-मुलांसह घुसू नये. रविवारी दुपारी मेगाब्लॉक असतो, म्हणून लांबचा पल्ला सकाळीच उरकावा.

बघण्याचं म्हणाल, तर मुंबईतलं उत्तम ते बहुधा फुकट आहे. सीएसएमटीची इमारत 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथून पायी निघालं की हुतात्मा चौक, हायकोर्ट, ओव्हल मैदान, 1924 मध्ये खुलं झालेलं गेटवे आणि शेवटी मरीन ड्राइव्ह, असा सारा दिवस तिकिटाशिवाय जातो. भायखळ्याच्या राणीच्या बागेत आई-वडील आणि दोन मुलं यांचं मिळून शंभर रुपये तिकीट आहे, बाग बुधवारी बंद असते. घारापुरी आणि कान्हेरी लेणी सोमवारी बंद. घारापुरीला लेण्याच्या तिकिटापेक्षा लाँचचं भाडं जास्त पडतं, ते आधीच धरून ठेवावं.

खाण्यासाठी जाताना दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळी सोबत असतातच, पहिला दिवस त्यावर निघतो. पुढे वडापाव, स्टेशनातलं जनआहार केंद्र किंवा खानावळीतली राइस प्लेट.

मुंबईला जाणारे सगळेच हौसेने जात नाहीत. परळच्या टाटा रुग्णालयाची वाट खानदेशातल्या अनेक घरांना माहीत आहे. उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं मूळ भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती बाहेरगावच्या रुग्णांची अल्प दरात सोय करतात. तिथे जागा मोजक्या असतात, म्हणून रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी चौकशी करावी.

तेव्हा कागद घ्या आणि त्यावर आधी रात्री लिहा: एक गाडीत जाताना, एक मुक्कामाची, एक गाडीत परतताना. मुक्कामाच्या त्या एका रात्रीची सोय पक्की झाल्याशिवाय तिकीट काढू नका. बाकीचा खर्च ही मुंबई स्वतःच आटोक्यात ठेवते.